अमेरिकी विद्यापीठांचे परकीय शासनांशी संबंध आणि संघीय निधीवरील निर्बंध

परकीय शासनाशी विशिष्ट प्रकारचा करार असलेल्या विद्यापीठास अमेरिकेच्या संघीय शासनाकडून मिळणारा निधी अंशतः वा पूर्णतः रोखणे, हे अमेरिकेच्या उच्चशिक्षण धोरणातील मुख्यतः २०१८ नंतर आकारास आलेले एक तत्त्व आहे. त्याचा सर्वांत ठळक आणि पूर्णत्वास गेलेला प्रयोग म्हणजे चीनच्या शासनाच्या साहाय्याने अमेरिकी विद्यापीठांत चालणाऱ्या कन्फ्यूशियस संस्थांविरुद्धची कारवाई होय. २०१९ च्या सुमारास अमेरिकेत अशा सुमारे १०० संस्था होत्या. २०२३ मध्ये त्यांची संख्या पाचाच्याही खाली आली. या संस्थांवर थेट बंदी घालणारा कोणताही संघीय कायदा या काळात झाला नाही. विद्यापीठांसमोर केवळ दोन निधींपैकी एकाची निवड करण्याचा प्रसंग उभा करण्यात आला.

== पार्श्वभूमी ==

अमेरिकेत केंद्रीय विद्यापीठ अशी संकल्पना जवळजवळ नाही. विद्यापीठे एकतर घटक राज्यांची असतात किंवा खाजगी न्यासांची. मात्र संशोधनासाठी आणि विद्यार्थ्यांच्या अर्थसाहाय्यासाठी ती संघीय शासनावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असतात. २०२२ या आर्थिक वर्षात अमेरिकी विद्यापीठांतील संशोधनावर संघीय तिजोरीतून सुमारे ५४ अब्ज डॉलर खर्च झाले. हा आकडा लक्षात ठेवल्यास पुढील घटनाक्रम समजण्यास सोपा जातो.

परकीय देणग्यांविषयीचा मूळ नियम जुना आहे. १९६५ च्या उच्चशिक्षण अधिनियमात १९८६ च्या दुरुस्तीने परकीय देणग्यांची माहिती देण्याची तरतूद आली. ती आज कलम ११७ म्हणून ओळखली जाते. एका कॅलेंडर वर्षात एकाच परकीय स्रोताकडून २,५०,००० डॉलर किंवा त्याहून अधिक मूल्याची देणगी वा करार झाल्यास विद्यापीठाने ते शिक्षण विभागास कळवावे, अशी ही तरतूद आहे. त्यात पैसा घेण्यास मनाई नाही. तो घेतला हे उघड करावे, एवढीच अपेक्षा आहे. पहिली तीन दशके या कलमाकडे विद्यापीठांनी आणि खुद्द शिक्षण विभागानेही फारसे गांभीर्याने पाहिले नाही. २०१९ पासून विभागाने काही नामांकित विद्यापीठांची चौकशी आरंभली, आणि ऑक्टोबर २०२० च्या अहवालात पूर्वी न कळवलेली सुमारे ६.५ अब्ज डॉलरची रक्कम त्यामुळे उजेडात आल्याचे नमूद केले. नियम असणे आणि तो पाळला जाणे यांतील अंतर या एका आकड्यावरून स्पष्ट होते.

== कन्फ्यूशियस संस्थांची रचना ==

पहिली कन्फ्यूशियस संस्था नोव्हेंबर २००४ मध्ये दक्षिण कोरियातील सोल येथे सुरू झाली. अमेरिकेतील पहिली संस्था मेरीलँड विद्यापीठात स्थापन झाली. चिनी भाषा आणि संस्कृती यांचे अध्यापन हा या संस्थांचा घोषित हेतू होता. त्यांचे संचालन चीनच्या शिक्षण मंत्रालयाशी संलग्न असलेल्या ‘हानबान’ या कार्यालयाकडे होते. २०२० मध्ये या कार्यालयाचे नाव बदलण्यात आले आणि कन्फ्यूशियस संस्थांची जबाबदारी एका स्वतंत्र म्हणविल्या जाणाऱ्या प्रतिष्ठानाकडे सोपविण्यात आली.

करार सामान्यतः तीन पक्षांत होई : अमेरिकी विद्यापीठ, एक चिनी विद्यापीठ आणि हानबान. आरंभीच्या खर्चासाठी हानबान बहुधा एक ते दोन लाख डॉलर देई. त्याशिवाय सुमारे ३,००० पुस्तके, वार्षिक अनुदान आणि चीनमधून आलेल्या शिक्षकांचे वेतनही हानबानकडूनच मिळे. अमेरिकी विद्यापीठाने जागा, संचालक आणि स्वतःचा वाटा द्यावयाचा असे. परकीय भाषांच्या विभागांना नेहमीच निधीची चणचण भासते. अशा विभागांना, विशेषतः लहान गावांतील राज्य विद्यापीठांना, हा प्रस्ताव आकर्षक वाटला यात नवल नाही. जेथे चिनी भाषेचा एकही वर्ग नव्हता, तेथे विद्यापीठाच्या थोड्याच खर्चात शिक्षक आणि ग्रंथ उपलब्ध झाले.

भाषाप्रसारासाठी परदेशांत संस्था उघडण्याची प्रथा चीनने सुरू केली असे नाही. फ्रान्सची आलियांस फ्रांसेज १८८३ पासून, ब्रिटिश कौन्सिल १९३४ पासून आणि जर्मनीची ग्योटे संस्था १९५१ पासून कार्यरत आहे. ग्योटे संस्थेची भारतातील केंद्रे मॅक्स म्यूलर भवन या नावाने चालतात. पुण्या-मुंबईत जर्मन शिकलेल्या अनेकांना ती परिचित असतील. परंतु पुण्याचे मॅक्स म्यूलर भवन हे विद्यापीठाचा विभाग नाही. ते आपल्या इमारतीत आपले वर्ग घेते आणि आपली प्रमाणपत्रे देते. कन्फ्यूशियस संस्था विद्यापीठाच्या आवारात, त्याच्या नावाखाली आणि अनेकदा त्याच्या श्रेयांक-पद्धतीच्या निकट चालत. वादाचे मूळ या एका फरकात आहे.

== आक्षेप ==

पहिले गंभीर आक्षेप राजकारण्यांकडून आले नाहीत, ते प्राध्यापकांकडून आले. ही गोष्ट नंतरच्या गदारोळात विस्मृतीत गेली. २०१३ मध्ये कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने आपली संस्था बंद केली. तेथील एका शिक्षिकेच्या चीनमधील नियुक्ती-करारात फालुन गाँग या पंथाशी संबंध ठेवण्यास मनाई असल्याचे उघड झाले होते. कॅनडाच्या मानवी हक्क कायद्यांशी ही अट विसंगत होती. त्याच वर्षी शिकागो विद्यापीठातील मानववंशशास्त्रज्ञ मार्शल साह्लिन्स यांनी या संस्थांवर टीका करणारा दीर्घ लेख लिहिला.

जून २०१४ मध्ये अमेरिकन असोसिएशन ऑफ युनिव्हर्सिटी प्रोफेसर्स या प्राध्यापकांच्या संघटनेने एक निवेदन प्रसिद्ध केले. विद्यापीठांनी या संस्थांशी असलेला संबंध तोडावा, अथवा करार पुन्हा वाटाघाटीस घेऊन तीन गोष्टी निश्चित कराव्यात, असे त्यात म्हटले होते : अध्यापनविषयक सर्व बाबींवर विद्यापीठाचे एकट्याचे नियंत्रण असावे, संस्थेतील शिक्षकांना विद्यापीठातील इतर शिक्षकांइतकेच अध्यापन-स्वातंत्र्य असावे, आणि कराराची प्रत विद्यापीठातील सर्वांना पाहावयास मिळावी. शिकागो विद्यापीठात शंभराहून अधिक प्राध्यापकांनी कराराचे नूतनीकरण करू नये असे निवेदन दिले. सप्टेंबर २०१४ मध्ये, हानबानच्या प्रमुखांविषयी चिनी वृत्तपत्रात आलेल्या एका लेखानंतर, विद्यापीठाने वाटाघाटी थांबविल्या. पुढच्याच महिन्यात पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठानेही संबंध संपविला.

त्याच उन्हाळ्यात पोर्तुगालमधील ब्रागा येथे युरोपीय चीन-अभ्यासकांची परिषद भरली होती. तिच्या कार्यक्रमपुस्तिकेतील काही पृष्ठे हानबानच्या प्रमुखांच्या आदेशाने फाडून काढण्यात आली. त्यांत तैवानच्या एका प्रतिष्ठानाचा उल्लेख होता. आक्षेप केवळ संशयावर उभे नव्हते, हे दाखविणारे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

तथापि अभ्यासक्रमातील थेट हस्तक्षेपाची उदाहरणे तुलनेने थोडी होती. टीकाकारांचा मुख्य मुद्दा होता आत्मनियंत्रणाचा. तैवान, तिबेट आणि १९८९ चा तिएनआनमेन चौकातील हत्याकांड हे विषय कोणी निषिद्ध ठरविण्याची गरज पडत नसे. निधीचा स्रोत ठाऊक असल्यामुळे ते आपोआप टाळले जात. असा दोष सिद्ध करणे आणि खोडून काढणे सारखेच अवघड असते. संसदेसाठी शासकीय व्यवहारांची तपासणी करणाऱ्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने २०१९ मध्ये ९० करार तपासले. त्यांपैकी ४२ करारांत गोपनीयतेची तरतूद आढळली. सार्वजनिक विद्यापीठाने भाषेचे वर्ग चालविण्यासाठी केलेला करार गोपनीय का असावा, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर कोणी दिल्याचे दिसत नाही.

फेब्रुवारी २०१९ मध्येच सिनेटच्या एका उपसमितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. २००६ पासून चीनने अमेरिकेतील या संस्थांवर १५.८ कोटी डॉलरहून अधिक खर्च केला असून, हानबानकडून २,५०,००० डॉलरहून अधिक रक्कम घेणाऱ्या विद्यापीठांपैकी जवळजवळ ७० टक्के विद्यापीठांनी ती नियमानुसार कळविली नाही, असे त्यात म्हटले होते. परस्परतेचा प्रश्नही या अहवालाने मांडला. अमेरिकेच्या परराष्ट्र विभागाने चीनमधील विद्यापीठांत २९ अमेरिकी सांस्कृतिक केंद्रे उभारण्यासाठी अनुदान दिले होते. तेथे मात्र चिनी अधिकाऱ्यांनी कार्यक्रमांत वारंवार अडथळे आणले.

== निधीवरील निर्बंध ==

अमेरिकेच्या संसदेस ‘काँग्रेस’ म्हणतात. सिनेट आणि प्रतिनिधिगृह ही तिची दोन सभागृहे. संरक्षण खर्चास मान्यता देणारा नॅशनल डिफेन्स ऑथोरायझेशन ॲक्ट हा कायदा ती दरवर्षी संमत करते. हा कायदा सहसा अडत नसल्यामुळे इतर अनेक विषय त्यास जोडले जातात. कन्फ्यूशियस संस्थांविषयीच्या तरतुदीही याच मार्गाने आल्या.

१३ ऑगस्ट २०१८ रोजी स्वाक्षरी झालेल्या कायद्याच्या कलम १०९१ ने संरक्षण विभागाच्या निधीवर मर्यादा घातली. कन्फ्यूशियस संस्थेमार्फत होणाऱ्या चिनी भाषाशिक्षणास हा निधी वापरता येणार नव्हता, तसेच अशी संस्था असलेल्या विद्यापीठाच्या स्वतःच्या चिनी भाषा-कार्यक्रमासही तो मिळणार नव्हता. विभागास सूट देण्याचा अधिकार ठेवला होता. २०१९ मध्ये तेरा विद्यापीठांनी सूट मागितली. ती एकासही मिळाली नाही.

यात एक विरोधाभास होता. संरक्षण विभाग ‘लँग्वेज फ्लॅगशिप’ नावाचा कार्यक्रम चालवितो. राष्ट्रीय सुरक्षेच्या दृष्टीने महत्त्वाच्या भाषांत, ज्यांत चिनी भाषा अग्रस्थानी आहे, उच्च प्रावीण्य असलेले पदवीधर घडविणे हा त्याचा हेतू. चिनी भाषेच्या अध्यापनात जी विद्यापीठे बलवान होती, त्यांपैकी काहींत फ्लॅगशिप कार्यक्रम आणि कन्फ्यूशियस संस्था दोन्ही शेजारी-शेजारी नांदत होत्या. ऑरेगन आणि इंडियाना या विद्यापीठांसह अनेकांनी संस्था बंद करून फ्लॅगशिप राखला.

दुसरी पायरी अधिक कठोर होती. अध्यक्षांचा नकाराधिकार डावलून १ जानेवारी २०२१ रोजी संमत झालेल्या कायद्याच्या कलम १०६२ ने भाषाशिक्षणापुरती असलेली मर्यादा काढून टाकली. कन्फ्यूशियस संस्था असलेल्या विद्यापीठास संरक्षण विभागाचा कोणताही निधी, थेट विद्यार्थ्यांना मिळणारे साहाय्य वगळता, मिळणार नाही असे ठरले. अंमल ऑक्टोबर २०२३ पासून होणार होता. आता प्रश्न चिनी वर्गांचा राहिला नाही. अभियांत्रिकी, पदार्थविज्ञान, संगणकशास्त्र यांतील कोट्यवधींची संशोधन-अनुदाने एका छोट्या भाषाकेंद्रामुळे धोक्यात आली. ऑगस्ट २०२२ च्या चिप्स अँड सायन्स ॲक्टने नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या निधीलाही असाच नियम लावला. शिवाय चीन, रशिया, इराण व उत्तर कोरिया या ‘चिंताजनक’ ठरविलेल्या देशांतील स्रोतांकडून मिळालेल्या ५०,००० डॉलर वा अधिक रकमेची माहिती देणे बंधनकारक केले.

याच काळात ‘कन्फ्यूशियस’ हे आद्याक्षरांचे नाव धारण करणारे एक स्वतंत्र विधेयकही मांडले गेले. विद्यापीठाने करारात अध्यापन-स्वातंत्र्याचे संरक्षण, आवारात परकीय कायदा लागू होण्यास मनाई आणि व्यवस्थापनाचा पूर्ण अधिकार या गोष्टी अंतर्भूत कराव्यात, अन्यथा विद्यार्थी-साहाय्य सोडून इतर निधी गमवावा, असे त्यात सुचविले होते. सिनेटने ते २०२० व २०२१ मध्ये संमत केले, पण त्याचा कायदा झाला नाही. प्राध्यापकांच्या संघटनेने २०१४ मध्ये मांडलेल्या अटींशी या विधेयकातील अटींचे साम्य उघड आहे. करार सुधारण्यास वाव देणारा हा मार्ग मागे पडला आणि संबंध तोडावयास लावणारा मार्ग कायद्यात आला, ही या प्रकरणातील महत्त्वाची बाब मानावी लागेल.

== घटनात्मक आधार ==

संघीय शासन विद्यापीठांना थेट आज्ञा करू शकत नसताना निधीस अट कशी जोडू शकते, हा प्रश्न विद्यार्थ्यांस पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर संसदेच्या खर्चाधिकारात आहे. साउथ डकोटा विरुद्ध डोल या १९८७ च्या खटल्यात मद्यपानाची किमान वयोमर्यादा २१ वर्षे न ठेवणाऱ्या राज्यांचा काही महामार्ग-निधी रोखणे वैध ठरले. अट निःसंदिग्ध शब्दांत असावी, निधीच्या हेतूशी निगडित असावी आणि दडपणाचे रूप घेणारी नसावी, हे निकष तेथे सांगितले गेले. विद्यापीठांच्या बाबतीत त्याहून जवळचा दाखला २००६ चा आहे. लष्करी भरती-अधिकाऱ्यांना इतर नियोक्त्यांप्रमाणे प्रवेश न देणाऱ्या विद्यापीठाचा संघीय निधी रोखणारी सॉलोमन दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने एकमताने वैध ठरविली. एका विभागाच्या वर्तनामुळे संपूर्ण विद्यापीठाचा निधी थांबविण्याची पद्धत तेथेच रूढ झालेली होती.

या अधिकारास मर्यादाही आहे. २०१३ च्या एका निकालात, अनुदान घेणाऱ्या संस्थेने विशिष्ट मत स्वतःचे म्हणून जाहीर करावे अशी सक्ती शासनास करता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

== परिणाम ==

सर्व संस्थांवर मिळून बारा-तेरा वर्षांत झालेला चिनी खर्च १५.८ कोटी डॉलरचा होता. त्याविरुद्ध एका वर्षाच्या संघीय संशोधन-निधीचा आकडा अब्जांत होता. ज्या विद्यापीठाने हा हिशेब मांडला, त्याचा निर्णय ठरलेलाच होता. गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसच्या ऑक्टोबर २०२३ च्या अहवालानुसार, संस्था बंद करण्याची प्रमुख कारणे म्हणून विद्यापीठांनी संघीय निधी गमावण्याची शक्यता आणि बाहेरील दडपण यांचाच उल्लेख केला.

नॅशनल ॲकॅडमीज या विद्वत्-संस्थेच्या समितीने जानेवारी २०२३ मध्ये, सूट कोणत्या निकषांवर द्यावी याविषयी संरक्षण विभागास सविस्तर शिफारशी केल्या. तोवर सूट मागण्यासाठी मूठभरच संस्था शिल्लक होत्या. शिफारशी वाचनीय आहेत; त्यांचा उपयोग करावयास कोणी उरले नव्हते.

बंद झालेल्या काही संस्थांचे कार्य वेगळ्या नावाने चालू राहिले, अनेक विद्यापीठांनी त्याच चिनी विद्यापीठाशी नवे करार केले, अशी टीका नॅशनल असोसिएशन ऑफ स्कॉलर्स या संघटनेने २०२२ मध्ये केली. दुसऱ्या बाजूने भाषाशिक्षणाच्या हानीचा प्रश्न आहे. मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या गणनांनुसार अमेरिकी महाविद्यालयांतील चिनी भाषेच्या विद्यार्थ्यांची संख्या २०१३ ते २०१६ आणि पुन्हा २०१६ ते २०२१ या दोन्ही कालखंडांत घटली. घट निर्बंधांपूर्वीच सुरू झालेली असल्याने तिचे खापर त्यांच्यावर फोडता येणार नाही. परंतु चीनचा निधी थांबविताना त्याची जागा भरणारा पुरेसा देशी निधी उपलब्ध करून देण्यात आला नाही, हे खरे आहे. ज्या लहान विद्यापीठांत संस्था हाच चिनी भाषेचा मुख्य आधार होता, तेथे याची झळ अधिक बसली.

== चीनखेरीज इतर देश ==

निर्बंधांची चर्चा पुढे अन्य देशांकडेही वळली. कतार फाउंडेशनच्या साहाय्याने दोहा येथील एज्युकेशन सिटीत कॉर्नेल, जॉर्जटाउन, कार्नेगी मेलन, नॉर्थवेस्टर्न आदी विद्यापीठांची केंद्रे चालतात. २००३ पासून तेथे असलेले टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचे केंद्र २०२८ पर्यंत बंद करण्याचा निर्णय त्याच्या नियामक मंडळाने फेब्रुवारी २०२४ मध्ये घेतला. फ्लॉरिडा राज्याने २०२३ मध्ये आपल्या सार्वजनिक विद्यापीठांच्या सात देशांशी होणाऱ्या करारांवर निर्बंध घातले. त्यांत क्यूबा व सिरिया यांचाही समावेश होता. संशोधन-सहकार्याच्या क्षेत्रात जॉर्जिया टेकने २०२४ मध्ये आणि मिशिगन विद्यापीठाने जानेवारी २०२५ मध्ये चिनी विद्यापीठांबरोबरची दीर्घकालीन भागीदारी संपविण्याचे जाहीर केले.

कळविण्याची मर्यादा २,५०,००० वरून ५०,००० डॉलरवर आणणारे आणि चिंताजनक देशांशी करार करण्यास पूर्वपरवानगी आवश्यक करणारे विधेयक प्रतिनिधिगृहाने डिसेंबर २०२३ मध्ये व पुन्हा मार्च २०२५ मध्ये संमत केले. एप्रिल २०२५ मध्ये अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी कलम ११७ च्या कडक अंमलबजावणीचा आदेश काढला.

टीकाकारांच्या मते, परकीय शासनाने पैशाच्या बळावर विद्यापीठाच्या निर्णयांवर प्रभाव टाकू नये म्हणून स्वदेशी शासनाने तेच साधन वापरणे हा विद्यापीठीय स्वायत्ततेचा दुहेरी संकोच आहे. समर्थक असा प्रतिवाद करतात की, लोकनियुक्त संसदेने जाहीरपणे घातलेली अट आणि गोपनीय करारातून आलेला प्रभाव यांची तुलना होऊ शकत नाही. दोन्ही मतांत तथ्य आहे. पण दुसरे मत मान्य केले तरी अट कोठे थांबावी हा प्रश्न सुटत नाही, कारण भाषावर्गापासून सुरू झालेली अट पाच वर्षांत संपूर्ण विद्यापीठापर्यंत पोहोचली होती.

== भारतातील स्थिती ==

भारतात हा विषय निधी रोखण्याच्या मार्गाने न येता पूर्वपरवानगीच्या मार्गाने आला. परकीय अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० नुसार शैक्षणिक कार्य करणाऱ्या संस्थांना परकीय देणगीसाठी नोंदणी वा पूर्वपरवानगी आवश्यक असते. चिनी संस्थांशी करार करण्यापूर्वी गृह व परराष्ट्र मंत्रालयांची संमती घ्यावी, अशी सूचना विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये दिली.

मुंबई विद्यापीठात २०१३ मध्ये तिआनजिन युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीच्या सहकार्याने कन्फ्यूशियस संस्था स्थापन झाली होती. गलवान खोऱ्यातील जून २०२० च्या चकमकीनंतर केंद्र शासनाने देशातील अशा सात संस्थांचा, तसेच भारतीय शिक्षणसंस्थांनी चिनी संस्थांशी केलेल्या ५४ सामंजस्य करारांचा आढावा घेण्याचे ठरविले. मुंबईच्या संस्थेचा त्यांत समावेश होता. त्याच सुमारास जाहीर झालेल्या राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये माध्यमिक स्तरावर उपलब्ध करून द्यावयाच्या परकीय भाषांची उदाहरणे देताना जपानी, कोरियन, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज व रशियन यांची नावे आहेत. २०१९ च्या मसुद्यात असलेले चिनी भाषेचे नाव त्यात नाही. मात्र ती शिकविण्यास धोरणात मनाईही केलेली नाही.